अजब बंगल्याची सहल आणि झाडीबोली

नागभीडच्या शाळेने नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाची सहल योजावयाची झाल्यास वाहन व शिदोरी यांची सोय प्रथम पाहिली जाते, शब्दांची क्वचितच. १८६३ साली स्थापन झालेल्या या संस्थेस लोकांनी ‘अजब बंगला’ म्हटले, आणि नावातच पाहण्याची रीत ठरून गेली : नवल करावयाचे व पुढे सरकावयाचे. झाडीबोली बोलणाऱ्या मुलास ‘बांधी’, ‘बोडी’ हे शब्द घरचे. ‘शिलालेख’, ‘ताम्रपट’ परके. (‘पाणी’स ‘पानी’ म्हणणारा मुलगा तेथे प्रश्न विचारण्यासही कचरण्याचा संभव आहे.) यास्तव शिक्षकाने आधी एकट्याने जाऊन दहाच वस्तू निवडाव्यात, त्यांवरील मजकूर उतरून आणावा आणि त्याचा अर्थ वर्गात मुलांच्याच बोलीत वदवून घ्यावा. सर्व दालने पाहण्याचा हट्ट सोडावा लागेल.