आकाशातील शीव

इंदूरहून दिल्लीस निघालेल्या विमानातील प्रवासी खिडकीतून खाली पाहतो, तेव्हा त्यास शेते, नद्या आणि गावे वेगवेगळी दिसतात. आकाश मात्र अखंड भासते. वस्तुतः त्या आकाशासही शिवा आहेत. भारतावरील आकाश मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई अशा चार मोठ्या क्षेत्रांत वाटलेले असून प्रत्येक क्षेत्राचे पुन्हा लहान विभाग पाडलेले असतात. इंदूर मुंबईच्या क्षेत्रात मोडते, ग्वाल्हेर दिल्लीच्या. होळकर आणि शिंदे यांच्या मुलखांप्रमाणे येथेही शीव आहे; ती फक्त धोंडा रोवून दाखविता येत नाही.

हे विभाग का पाडावे लागतात? एका माणसाच्या ध्यानात एका वेळी ठराविक विमानेच राहू शकतात, हे एक कारण. दुसरे असे की, एका रेडिओलहरीवर एका वेळी एकानेच बोलावयाचे असते. दोघे एकदम बोलले की दोघांचेही शब्द वाया जातात. म्हणून प्रत्येक विभागास स्वतंत्र नियंत्रक आणि स्वतंत्र लहर. विमान शिवेजवळ आले की पहिल्या नियंत्रकाने ते दुसऱ्याच्या हाती सोपवावयाचे.

आगगाडीच्या प्रवाशास यातील तत्त्व परके वाटणार नाही. एकेरी रुळावर पुढच्या स्टेशनाने ‘लाइन क्लिअर’ दिल्यावाचून स्टेशनमास्तर गाडी सोडीत नाही. आकाशातही पुढचा नियंत्रक हो म्हणेपर्यंत विमान त्याच्या हद्दीत शिरू द्यावयाचे नाही. परंतु गाडी सिग्नलपाशी उभी करता येते. विमान उभे राहत नाही. मोठे जेट विमान मिनिटास सुमारे 15 किलोमीटर जाते. समोरासमोर येणाऱ्या दोन विमानांमधील अंतर मिनिटास 30 किलोमीटरने घटते. रडारच्या देखरेखीखाली मार्गस्थ विमानांत सर्वसाधारणपणे 5 सागरी मैलांचे, म्हणजे सव्वानऊ किलोमीटरांचे अंतर ठेवतात. ते नसेल तर उंचीत निदान 1000 फुटांचा फरक हवा. यावरून ‘जरा थांबा, विचारून सांगतो’ म्हणण्यास किती थोडा अवकाश असतो ते ध्यानी येईल.

सोपविण्याची रीत अशी. रडारच्या पडद्यावर प्रत्येक विमानाच्या खुणेशेजारी त्याचे नाव, उंची व वेग लिहिलेला असतो. शीव जवळ येताच पहिला नियंत्रक ते विमान देऊ करतो आणि शेजाऱ्याच्या पडद्यावर ती अक्षरे लुकलुकू लागतात. शेजारी आपल्याकडील गर्दी पाहतो, त्या उंचीवर वाट मोकळी असल्याची खात्री करून घेतो आणि कळ दाबून स्वीकृती देतो. त्यानंतरच पहिला नियंत्रक वैमानिकास नव्या लहरीचा आकडा सांगतो. वैमानिक तो आकडा उलट म्हणून दाखवितो, कारण एक अंक चुकला तर विमान भलत्याच लहरीवर जाऊन मुके होते. मग तो नव्या नियंत्रकास हाक घालून आपले नाव व उंची कळवितो. उत्तर आले नाही तर त्याने जुन्या लहरीवर परतावयाचे.

येथे एक बारकावा आहे, आणि सारी गोम त्यातच आहे. बोलणे हाती येणे आणि जबाबदारी हाती येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बोलणे बहुधा शिवेच्या थोडे अलीकडेच बदलते. जबाबदारी ठरलेल्या बिंदूवर बदलते. मधल्या काळात विमान नव्या नियंत्रकाशी बोलत असले, तरी जुन्याच्या संमतीवाचून त्याने ते वळवू नये की उतरवू नये. जुन्याच्या हद्दीत त्याच्या बाजूनेच दुसरे विमान जात असेल, आणि ते नव्यास ठाऊक असेलच असे नाही. शेजाऱ्यांमध्ये याविषयी लेखी करार असतात. विमान कोणत्या उंचीवर आणि किती अंतराने सोपवावयाचे, हे त्यात लिहिलेले असते. सारे करारानुसार असेल तर फोनही करावा लागत नाही. फोन अपवादासाठी असतो.

त्या फोनची किंमत 1 जुलै 2002 च्या रात्री कळली. जर्मनीतील यूबरलिंगेन गावावरील आकाश एका करारान्वये स्वित्झर्लंडमधील झुरिकचे केंद्र सांभाळीत होते. देशाची सीमा आणि आकाशाची शीव एकच असते असे नाही. मॉस्कोहून बार्सिलोनास निघालेले रशियन तुपोलेव विमान म्युनिकने रीतसर झुरिकच्या हाती दिले. त्याच 36,000 फुटांवर बेर्गामोहून ब्रसेल्सला जाणारे मालवाहू बोइंगही होते. झुरिकला एकटाच नियंत्रक दोन पडद्यांपुढे बसला होता. जोडीदार विश्रांतीस गेला होता. दुरुस्तीपायी धोक्याची दृश्य सूचना देणारी यंत्रणा बंद होती आणि मुख्य फोनही बंद होता.

शेजारच्या कार्ल्सरूऽ केंद्रातील नियंत्रकास आपल्या पडद्यावर तो धोका सुमारे दोन मिनिटे आधी दिसला. पण क्षेत्र त्याचे नव्हते आणि विमाने त्याच्या लहरीवर नव्हती. तो झुरिकला पुनःपुन्हा फोन लावीत राहिला, लागला नाही. अखेर झुरिकच्या नियंत्रकाने तुपोलेवास खाली उतरण्यास सांगितले, तेव्हा टक्कर पाऊण मिनिटावर आली होती. तुपोलेवातील टक्कर टाळणारे यंत्र त्यास वर चढण्यास सांगू लागले. बोइंगमधील यंत्राने खाली उतरण्याची आज्ञा दिली. तुपोलेवाच्या वैमानिकांनी माणसाचे ऐकले, बोइंगच्या वैमानिकांनी यंत्राचे. दोन्ही विमाने उतरत उतरतच एकमेकांवर आदळली. 71 जण गेले. तुपोलेवातील बहुसंख्य प्रवासी शाळकरी मुले होती.

सर्व दोष एकट्या नियंत्रकाच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. दोन माणसांचे काम एकावर सोपवून आणि फोन बंद ठेवून रात्र निभेल, असे त्याच्या वरिष्ठांनी गृहीत धरले होते.

या अपघातानंतर आंतरराष्ट्रीय नियमांत संदिग्धता राहू दिली नाही. यंत्र आणि नियंत्रक यांच्या आज्ञा परस्परविरुद्ध असल्या तर वैमानिकाने यंत्राची आज्ञा पाळावयाची. आपण तसे करीत असल्याचे त्याने रेडिओवरून कळविले की, धोका टळल्याचे तो सांगेपर्यंत नियंत्रकाने त्या विमानाची उंची वा दिशा बदलण्याचा प्रयत्न करावयाचा नाही.