अरावायपा : ‘निर्जन’ म्हणजे काय?

अमेरिकेत, अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात अरावायपा नावाचा ओढा बारमाही वाहतो. त्याची घळ १९८४पासून कायद्याने राखीव ‘निर्जन क्षेत्र’ आहे. दिवसाला फक्त ५० जणांना परवाना. आखलेली वाट नाही. पाण्यातूनच चालायचं, बूट भिजणारच. काठाला कॉटनवुडची सावली, वर उतारांवर निवडुंग.

पण ‘निर्जन’ हा शब्द जपून वाचावा. पाणी आटत नाही म्हणूनच इथे अपाची लोक राहत, मका पिकवत. ओढ्याच्या खालच्या अंगाला, लष्करी ठाण्याच्या भरवशावर वसलेल्या त्यांच्या वस्तीवर ३० एप्रिल १८७१च्या पहाटे टूसॉनहून आलेल्या जमावाने हल्ला केला. शंभराच्या आसपास माणसं मेली, बहुतेक बायका-मुलं. खटला झाला, ज्यूरीने १९ मिनिटांत सगळ्या आरोपींना सोडून दिलं.