नाद, नोंद आणि सूची



१९३१ साली आपल्या हैदराबादेत मराठी साहित्य संमेलन भरले. त्याचे अध्यक्ष होते डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर. 'ब्राह्मणकन्या'चे लेखक म्हणून कोणी त्यांना ओळखेल. पण त्यांचे आयुष्य खर्ची पडले ते तेवीस खंडांच्या 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'साठी.

केतकरांची आठवण काढायला कारण आहे. दवाखान्यात येणारी आपली वडीलधारी मंडळी औषधाच्या पुड्या हातात पडल्या की हळूच विचारतात, "डॉक्टरसाहेब, घरात वह्या पडल्यात, त्यांचं काय करू?" कुणाकडे वडिलांचे निजामी नोकरीतले टिपण असते, कुणाकडे मोडीतले हिशेब, कुणाकडे चारमिनार कोरलेल्या हाली रुपयांची डबी. मुले परदेशी, नातवंडे मराठी बोलतात पण वाचताना अडखळतात. माणूस गेला की वर्षाच्या आत वह्या रद्दीत जातात आणि नशीब असेल तर आबिड्सच्या रविवारच्या फुटपाथवर दिसतात.

नाद वाईट नाही. नादाला नोंद हवी. दामोदर कोसंबी हे गणिती. त्यांनी प्राचीन आहत नाणी हजारोंनी तोलली. हातोहात फिरताना नाणे झिजते, तेव्हा वजनातल्या घटीवरून ते किती काळ चलनात होते याचा अंदाज बांधता येतो, हे त्यांनी गणिताने मांडले. नाणी पुष्कळांनी जमवली होती. कोसंबींनी वजने लिहून ठेवली. तुमच्या डबीतल्या रुपयाबरोबर तो कुणाचा, कुठून आला, एवढी चिठ्ठी असली तरी तो तुमच्या घराण्याचा कागद होतो.

नोंदीनंतर सूची. ब्रिटानिकाच्या १९१०-११च्या अकराव्या आवृत्तीचे एकोणतीस खंड होते. त्यातला शेवटचा सूचीचा. केतकरांनीही सूचीसाठी स्वतंत्र खंड दिला. लेख अकारविल्हे लावलेले असताना सूची कशाला? कारण गोदावरीवरचा लेख 'ग'मध्ये सापडतो. पण गोदावरी पैठणच्या लेखात येते, नांदेडच्याही येते. त्या जागा सूचीच दाखवते.

आमच्या होमिओपॅथीतही हीच अडचण होती. मटेरिया मेडिका औषधांच्या नावाने लावलेली असते, रोगी मात्र लक्षण सांगत येतो. म्हणून १८९७ मध्ये अमेरिकेतल्या केंट यांनी रेपर्टरी छापायला घेतली. ती लक्षणांच्या क्रमाने लावलेली आहे. मजकूर तोच, पण शोधणाऱ्याच्या बाजूने मांडलेला. तुमच्या वहीचा रोगी म्हणजे तुमचा नातू. तो पानोपान वाचणार नाही. पण सूचीत पणजीचे नाव, गावाचे नाव दिसले तर ते पान उघडेल.

करायचे कसे? प्रत्येक नोंदीला तारीख, ठिकाण आणि सांगणाऱ्याचे नाव द्या. एका कार्डावर एकच गोष्ट लिहा. पानांना क्रमांक घाला. माणसे, गावे, वस्तू अशा तीन याद्या अकारविल्हे करा. एकाच माणसाची दोन नावे असतील तर एका नावापुढे 'पाहा' लिहून दुसरे द्या. मोडी कागदाचे बाळबोधीत लिप्यंतर करून घ्या आणि मूळ कागद जपा. मग वही परक्याच्या हातात देऊन एखादी गोष्ट शोधायला सांगा. सापडली, तर सूची जमली.

छापण्याचे काम लिहिण्याइतकेच मोठे आहे. केतकरांनी कोशासाठी लिमिटेड कंपनी काढली, भागभांडवल उभारले, वर्गणीदार शोधत फिरले. काम नागपुरात सुरू झाले, पुढे पुण्याला गेले. त्या कारभाराचाही वृत्तांत त्यांनी 'माझे बारा वर्षांचे काम' या नावाने लिहून ठेवला. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या दाते-कर्वे यांनी पुढे 'महाराष्ट्र शब्दकोश' सिद्ध केला. आपल्याला एवढा व्याप नको. आता पन्नास प्रतीही छापून मिळतात. प्रकाशन रीतसर केले तर १९५४च्या कायद्याप्रमाणे एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवावी लागते आणि चेन्नई, मुंबई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक. हा भार समजू नका. घरचे कपाट राहिले नाही तरी तिथे पुस्तक राहते.

आम्हा जैनांत ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी पाळतात. गिरनारच्या धरसेनाचार्यांना आपल्याबरोबर विद्या लोपेल ही चिंता लागली, तेव्हा त्यांनी पुष्पदंत आणि भूतबली यांना बोलावून ती शिकवली आणि त्या दोघांनी ती ग्रंथात उतरवली, अशी परंपरा आहे. त्या दिवशी ग्रंथ बाहेर काढतात, झटकतात, नवी वेष्टने बांधतात. तुम्ही कोणताही दिवस धरा, पण वर्षातून एकदा वह्या बाहेर काढा. जवळ नातवाला बसवा. तुम्ही वाचा, नावे त्याला लिहू द्या. सूचीचे पहिले पान त्याच्या हातचे झाले, तर पुस्तक निघेपर्यंत ती वही त्याची झालेली असेल.