लाकूड फोडायचं मशीन घेताय? 'टन' बघण्याआधी थोडं गणित करा

कोकणात काय आणि घाटावर काय, गावाकडच्या कितीतरी घरांत अंघोळीचं पाणी आजही लाकडावरच तापतं. बंब असो की चूल, जळण फोडायला कुऱ्हाड लागतेच, आणि ती चालवणारे बऱ्याचदा साठी उलटलेले बाबा किंवा काका असतात. त्यामुळे लॉग स्प्लिटरची रील दिसली की वाटतं, हे घरी पाठवून देऊ. पाठवा की! पण कुठलं?

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात व्हायरल म्हणजे ड्रिलला लावायचा शंकूसारखा स्क्रू बिट. रीलमध्ये लाकूड सुकं, सरळ आणि बिनगाठीचं असतं. तुमच्याकडच्या बाभळीच्या गाठीत तो बिट अडकला की ड्रिल स्वतःच फिरायला बघतं आणि मनगट पिळवटतं, नाहीतर ओंडका गरगरतो. पदर, लुंगी, अगदी हातमोजासुद्धा त्यात गुंडाळला जाऊ शकतो. मी तरी हे घरी पाठवणार नाही.

दुसरा प्रकार इलेक्ट्रिक हायड्रॉलिक. मोटर तेलाचा पंप फिरवते, तेलाच्या दाबानं दांडा पुढे सरकतो आणि ओंडका पाचरीवर ढकलला जातो. इथे जाहिरात 'टन' ओरडून सांगते. पण पॉवर म्हणजे बल गुणिले वेग, हे बारावीत शिकलोय ना? ५ टन म्हणजे साधारण ४९,००० न्यूटन. १५०० वॅटची मोटर, काहीच लॉस नाही असं धरलं तरी, पूर्ण जोर लावताना दांडा सेकंदाला फक्त ३ सेंटीमीटर सरकवेल. १५ टनाला तर १ सेंटीमीटर. म्हणजे तेवढ्याच मोटरवर '१५ टन, सुपरफास्ट' लिहिलं असेल, तर दोन्ही एकाच वेळी मिळणार नाही. आणि हळू असणं वाईट नाही, हात मागे घ्यायला वेळ मिळतो.

टनापेक्षा महत्त्वाचं म्हणजे टू-हँड कंट्रोल. एक हात लिव्हरवर, दुसरा बटणावर, दोन्ही दाबले तरच दांडा चालतो. एक जरी सोडला तरी थांबतो. हे नसेल तर पुढचे स्पेसिफिकेशन वाचूच नका. आणि बटण चिकटपट्टीनं दाबून ठेवायचा जुगाड करायचा नाही, हे घरी स्पष्ट सांगा.

मग प्लग. १५०० वॅटला २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर लागतात, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. म्हणजे पंख्याचा छोटा सॉकेट चालणार नाही, १६ अँपिअरचा आणि नीट अर्थिंग असलेला हवा. अंगणापर्यंत बारीक वायरचं एक्स्टेंशन ओढलं तर व्होल्टेज पडतं आणि मोटर तापते.

ऑर्डरआधी बाबांकडून व्हॉट्सअॅपवर टेप लावलेला ओंडक्याचा फोटो मागवा. जाडी आणि लांबी दोन्ही. मशीनमध्ये न मावणारा ओंडका आधी करवतीनं कापावा लागतो, म्हणजे काम वाढलंच. तेलाचं सील जवळपास कुठे मिळेल, तेही विचारून ठेवा.

फक्त बंबापुरत्या ढलप्या हव्या असतील तर वीजही नको. न्यूझीलंडच्या आयला हचिन्सन या शाळकरी मुलीनं आईचं बोट कापलेलं पाहून विज्ञान प्रदर्शनासाठी एक साधन बनवलं: पातं खाली, धार वर, भोवती लोखंडी कडं. लाकूड कड्यात उभं ठेवायचं आणि वरून हातोडा मारायचा. हात धारेच्या वाटेत येतच नाही. मोठे ओंडके वखारीतून फोडून आणा आणि बारीक काम यावर करा. बऱ्याच घरांना एवढं पुरतं.