प्रबंध कुणाचा, लेखणी कुणाची?

पीएच.डी. करणाऱ्या माणसाला आपल्याकडे पूर्वी तिघांना तोंड द्यावे लागे. मार्गदर्शक, घरची मंडळी आणि टायपिस्ट. आता त्यांत चौथ्याची भर पडली आहे. हा चौथा म्हणजे मोबदला घेऊन प्रबंधाची भाषा तपासून देणारा संपादक. डीटीपीच्या दुकानात त्याचा पत्ता मिळतो. कधी खुद्द मार्गदर्शकच ‘जरा भाषा सुधारून आणा’ असे मोघम सांगून विद्यार्थ्याला त्याच्या दारात पोहोचवतात. बँकेतून निवृत्त झाल्यावर, नावावर चार कादंबऱ्या असल्याच्या भांडवलावर, मीही हे काम करू लागलो. येणारा प्रत्येक जण मात्र सावकाराकडे दागिना ठेवायला आल्यासारखा इकडेतिकडे पाहत येतो.

हा संकोच का असावा? मराठी साहित्याला संपादक नवा नाही. ‘मौजे’च्या श्री. पु. भागवतांनी आणि राम पटवर्धनांनी मोठमोठ्या लेखकांची हस्तलिखिते बारकाईने वाचली, शंका काढल्या, पुनर्लेखन करायला लावले. त्यामुळे ते लेखन लेखकाचे उरले नाही, असे कुणी म्हटले नाही. पण कादंबरी आणि प्रबंध यांत एक मूलभूत फरक आहे. कादंबरी वाचकासाठी असते, प्रबंध ही परीक्षा असते. या व्यक्तीला स्वतंत्रपणे संशोधन करता येते, अशी ग्वाही विद्यापीठ त्यावरून देते. तेव्हा दुसऱ्याचा हात कुठपर्यंत चालेल, हा प्रश्न इथे चांगल्या-वाईटाचा नाही, खऱ्या-खोट्याचा आहे.

बँकेत याचे उत्तर आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवलेले असे. व्हाऊचर बनवणारा वेगळा, पास करणारा वेगळा. तपासणाऱ्याने चूक दिसली तर पेन्सिलीने खूण करावी, कागद परत पाठवावा. त्यानेच आकडा खोडून, नवा घालून, खाली सही ठोकली तर सह्या दोन दिसतात, पण माणूस एकच असतो. प्रबंधाच्या संपादकाने हा नियम टेबलावर काचेखाली लावून ठेवावा.

या कामाचे ढोबळ तीन प्रकार होतात. पहिला मुद्रितशोधनाचा : ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हे, सुटलेले शब्द. दुसरा भाषिक संपादनाचा : अडखळणारे वाक्य सरळ करणे, एकच संज्ञा सर्वत्र एकसारखी ठेवणे, संदर्भांची मांडणी एका पद्धतीत आणणे. तिसरा प्रकार रचनेचा आणि आशयाचा : प्रकरणे हलवणे, युक्तिवाद घडवणे, निष्कर्ष लिहिणे. पहिले दोन प्रकार विकत घ्यायला हरकत नाही. तिसरा विद्यार्थ्याचा आणि मार्गदर्शकाचा. ऑस्ट्रेलियात संपादकांच्या संघटनेने आणि विद्यापीठांतील संशोधन विभागप्रमुखांनी २००१ सालीच अशी रेघ आखून घेतली. तिथे व्यावसायिक संपादकाची मदत घेतली तर तसे प्रबंधात नमूद करायचे, असा दंडक आहे. आपल्याकडे ही रेघ ज्याची त्याने आखायची.

ती आखणे किती अवघड असते, ते एका प्रबंधाने मला दाखवले. तालुक्याच्या गावी शिकवणाऱ्या एक प्राध्यापिका बचत गटांवर लिहिलेला प्रबंध घेऊन आल्या. विषय माझ्या जिव्हाळ्याचा. ‘नाबार्ड’ने १९९२ मध्ये पाचशे गटांपासून बँकजोडणीचा प्रयोग सुरू केला, त्यानंतर अशा कित्येक गटांचे कर्ज मीच मंजूर केले होते. बाईंची भाषा खडबडीत, पण निरीक्षण अस्सल. चौथ्या प्रकरणात मात्र मी थबकलो. तक्त्यात एक टक्केवारी आणि खालच्या मजकुरात दुसरी. टाईप करताना दोन अंकांची अदलाबदल झालेली, आणि पुढचा सगळा निष्कर्ष त्या उलट्या आकड्यावर उभा. गटाचे कर्ज बहुतेक जणींनी स्वतःच्या धंद्यात घातले, असे मजकूर सांगत होता. तक्ता सांगत होता की बहुतेकींच्या घरच्यांनीच ते वापरले.

दोन्ही वाक्ये जुळवून देणे माझ्या हातात होते. पाच मिनिटांचे काम. पण कुठला आकडा खरा, हे ठरवण्याचा अधिकार मला नव्हता. समासात मी एवढेच लिहिले : ‘तक्ता आणि मजकूर जुळत नाहीत. मूळ प्रश्नावल्या पाहाव्यात.’ बाईंनी घरी जाऊन सगळे गठ्ठे सोडले. तक्ता बरोबर होता. पूर्ण प्रकरण त्यांना नव्याने लिहावे लागले, प्रबंध सादर करण्याची ठरलेली तारीख हुकली, घरी बोलणी बसली ती वेगळीच. “सर, तुम्ही पाहिलंच नसतं तर बरं झालं असतं,” असे त्या फोनवर म्हणाल्या, आणि क्षणभर थांबून पुढे म्हणाल्या, “पण मग ते माझं झालं नसतं.” नव्या प्रकरणातली भाषा आधीपेक्षा स्वच्छ होती. तिला मी जवळजवळ हात लावला नाही.

या धंद्याची दुसरी बाजूही आहे. ‘तुम्ही फक्त विषय सांगा, बाकी आम्ही बघतो,’ म्हणणारेही याच बाजारात बसतात. चोरलेल्या मजकुराचे शब्द फिरवून ‘टक्केवारी खाली आणून देऊ’ असे ते सांगतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. दहा ते चाळीस टक्क्यांना सहा महिन्यांच्या आत सुधारून देण्याची मुदत, चाळीस ते साठ टक्क्यांना वर्षभर बंदी, साठच्या वर नोंदणीच रद्द. पण यंत्र साम्य मोजते, प्रामाणिकपणा नव्हे. आता संगणकाला सांगितले की तो परिच्छेदच्या परिच्छेद गुळगुळीत करून देतो, वर अस्तित्वात नसलेल्या ग्रंथांचे संदर्भही जोडतो. स्वतःचे काम असल्याच्या हमीपत्रावर सही मात्र विद्यार्थ्याची असते, आणि मौखिक परीक्षेला उत्तरे द्यायला ना संपादक आत येतो ना संगणक.

म्हणून संपादक शोधणाऱ्यांना बँकेतल्या माणसाचे चार शब्द. आधी मार्गदर्शकाला सांगा, जमल्यास दोन ओळींची लेखी संमती घ्या. पाच-दहा पाने नमुन्यादाखल तपासून घ्या. त्यांवर शंका एकही नसेल आणि वाक्ये मात्र सगळी बदललेली असतील, तर तिथून उठा. दर पानाचा की शब्दाचा, काम कोणते, मुदत किती, हे कागदावर आणा आणि रक्कम हप्त्याने द्या. प्रत्येक दुरुस्ती दिसेल अशाच पद्धतीने काम मागा आणि ती स्वतः वाचून मान्य करा. मराठी प्रबंध असेल तर आणखी एक पथ्य : जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये मजकूर नेला की जोडाक्षरे फुटतात. तेव्हा रूपांतर आधी, शुद्धलेखन नंतर. आणि सादर करण्याच्या आठवड्यात कुणाकडे जाऊ नका. तेव्हा संपादन होत नाही, रंगसफेदी होते.

यात पैशाचा प्रश्न आहेच. ज्याच्या घरात प्रमाणभाषा आणि इंग्रजी बोलली जाते, त्याला संपादक फुकट मिळतो. काका, मोठी बहीण, वडिलांचे मित्र. पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्याला तो विकत घ्यावा लागतो, आणि लाज तोच बाळगतो. भाषा अडखळते म्हणजे बुद्धी अडखळते, हा आपला जुना गैरसमज. विद्यापीठांनी ग्रंथालयाशेजारी एखादी लेखन-साहाय्याची खोली उघडली, रेघ कुठे ते छापून भिंतीवर लावले, तर हा चोरटा व्यवहार उजेडात येईल.

तोवर निदान एक करता येईल. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात सासूबाईंपासून ग्रंथालयातल्या शिपायापर्यंत सर्वांचे आभार असतात. तिथे ‘भाषिक तपासणी अमुक यांनी केली’ एवढी ओळ घालावी. ती लिहिताना हात कचरत असेल, तर समजावे की मदत रेघेपलीकडे गेली. न कचरता लिहिता आली, तर प्रबंध आपलाच आहे.