पिकअप मागून बसते तेव्हा: पाटा वाढवण्याआधी एवढे समजून घ्या

शिरोळ तालुक्यात पिकअप दिसत नाही असा रस्ता सापडणे कठीण. पहाटे भाजीपाला घेऊन कोल्हापूरच्या मार्केट यार्डात, दुपारी जयसिंगपूरहून सिमेंट आणि लोखंड, संध्याकाळी इचलकरंजीहून कापडाच्या गाठी. लग्नसराईत त्याच गाडीत मांडवाचे पाइप आणि वलीम्याच्या देगा. आपल्या समाजातल्या कितीतरी घरांची चूल या एका गाडीवर पेटते, आणि गाडी बहुतेक वेळा हप्त्यावर घेतलेली असते.

त्यामुळे गाडी मागून बसायला लागली की घरात लगेच एकच सल्ला मिळतो, "एक पाटा वाढवून घ्या, झालं काम." हा सल्ला कधी बरोबर असतो, कधी त्याचा काही उपयोग नसतो, आणि कधी तो जिवावर बेततो. या तिन्हींतला फरक घरच्या घरी कसा ओळखायचा, ते इथे सांगतो. आम्ही मेकॅनिक नाही, शाळेत शिकवतो. पण यातले निम्मे विज्ञान शाळेच्या पुस्तकातलेच आहे.

पाटा काय काम करतो?

पिकअपच्या मागच्या ॲक्सलवर दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्यांचा एकेक संच असतो. सर्वांत लांब तो मेन पाटा, त्याच्याखाली आखूड होत जाणारे बाकीचे. मधोमध सेंटर बोल्ट, ॲक्सलला घट्ट धरून ठेवायला यू बोल्ट, आणि मेन पाट्याच्या एका टोकाला शॅकल. वजन पडले की कमान सरळ होऊ लागते, पाट्याची लांबी किंचित वाढते आणि शॅकल तेवढी मागेपुढे हलते.

म्हणजे माल भरल्यावर गाडी थोडी खाली येणे हा बिघाड नाही. ते पाट्याचे कामच आहे. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग मुद्दाम थोडा उंच ठेवलेला असतो, तो भरल्यावर गाडी साधारण सपाट दिसावी म्हणून. पासिंगइतका माल भरूनही मागचा भाग पुढच्यापेक्षा बराच खाली जात असेल, किंवा रिकामी गाडीही बसलेली दिसत असेल, तर मात्र लक्ष घालायला हवे.

एक गैरसमज इथेच दूर करू. शॉकअप वजन उचलत नाहीत. खड्ड्यानंतर गाडी झोके घेत राहू नये, एवढेच त्यांचे काम. बसलेल्या गाडीला नुसते नवे शॉकअप घातले तर पैसे जातील आणि गाडी तशीच बसलेली राहील.

मागून बसल्याने बिघडते काय?

नुकसान मागे दिसते, पण खरा धोका पुढे असतो. मागचा भाग दबला की हेडलाइट वर उचलले जातात आणि सांगली-कोल्हापूर रस्त्यावर समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचे डोळे दिपतात. माल फार मागे असेल तर पुढच्या चाकांवरचे वजन कमी होते आणि स्टिअरिंग हलके लागते. काही जणांना ते बरे वाटते, पण हलके स्टिअरिंग म्हणजे टायरने रस्ता नीट धरलेला नाही. ब्रेक मारल्यावर गाडीचा भार पुढे जातो आणि थांबवण्याचे जास्त काम पुढची चाके करतात. त्यांचीच पकड कमी असेल तर पावसाळ्यात काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

मागे पाहिले तर रबर बफर सारखा आदळतो, टायर हौद्याला घासतो, पाटा तुटतो. हे सगळे भरल्या गाडीत, गावापासून लांब, रात्रीच्या वेळी होते.

आधी आजार ओळखा

गाडी रिकामी करून सपाट फरशीवर उभी करा. टायरची हवा दरवाजाजवळच्या स्टिकरप्रमाणे भरा, कारण हवा कमी असली तरी गाडी बसल्यासारखी दिसते. मग चारही चाकांच्या मधल्या बिंदूपासून वरच्या मडगार्डच्या काठापर्यंतचे अंतर टेपने मोजा आणि वहीत लिहून ठेवा. भरलेल्या गाडीचेही असेच माप घ्या. सहा महिन्यांनी पुन्हा मोजले की पाटे थकताहेत का, ते आकड्यांतच दिसेल.

१. रिकामी गाडी ठीक, भरल्यावर फार बसते: आधी वजन आणि मालाची मांडणी तपासा. दोष बहुधा तिथेच सापडतो.

२. रिकामी गाडीही दोन्ही बाजूंनी सारखी बसलेली: पाट्यांची कमान गेली आहे.

३. एकच बाजू बसलेली: एखादा पाटा तुटला असेल, बुश झिजले असतील किंवा शॅकल अडकली असेल. माल नेहमी एकाच बाजूला भरला जातो का, तेही बघा.

४. गाडी सरळ रस्त्यावर तिरकी चालते: सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल सरकल्याची शक्यता आहे. ही गाडी त्याच दिवशी गॅरेजला न्या. एक खेप मारून मग बघू, असे म्हणू नका.

वजनाचा खरा हिशोब

आरसीवर दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीचे जास्तीत जास्त वजन. दोन्हींतला फरक म्हणजे तुम्हाला नेता येणारे वजन. बोलेरो पिकअपच १.३, १.५ आणि १.७ टन अशा वेगवेगळ्या क्षमतेत आली आहे. शेजाऱ्याची गाडी दिसायला तशीच असली तरी त्याचा आकडा तुमच्या उपयोगाचा नाही.

सिमेंटचे पोते ५० किलोचे. दीड टनाच्या गाडीत ३० पोती झाली की संपले, मग हौद्यात कितीही जागा दिसो. वाळूचे तर विचारूच नका. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि कोरड्या वाळूचे तेवढ्याचे वजन सुमारे साडेचार टन होते. म्हणजे अर्धा ब्रास सव्वादोन टनांच्या घरात जातो. ओली वाळू त्याहून जड. "अर्धाच ब्रास टाकलाय" म्हणणाऱ्याने गाडी केव्हाच ओव्हरलोड केलेली असते. पाण्याचा हिशोब सोपा आहे, १००० लिटर म्हणजे १००० किलो. पण अर्धी भरलेली टाकी वळणावर आणि ब्रेकला हेलकावे खाते, म्हणून ती पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी न्यावी.

वजनकाट्यावर शक्य असेल तर भरलेल्या गाडीची पुढची आणि मागची चाके वेगवेगळी चढवून दोन आकडे घ्या. एकूण वजन बरोबर आणि मागचा भार मात्र जास्त, असेही पुष्कळदा आढळेल.

माल ठेवायचा कुठे?

इथे सी-सॉ आठवा. समजा, पुढच्या आणि मागच्या चाकांत ३ मीटर अंतर आहे आणि १००० किलोचा माल आहे. मालाचा मध्य मागच्या ॲक्सलच्या अर्धा मीटर मागे गेला, तर मागच्या ॲक्सलवर १००० नव्हे, सुमारे ११६७ किलो पडतात आणि पुढची चाके १६७ किलोंनी हलकी होतात. तोच माल ॲक्सलच्या अर्धा मीटर पुढे, केबिनकडे सरकवला तर मागे ८३३ किलो राहतात आणि १६७ किलो पुढे जातात. एक रुपयाही खर्च न करता मागचा भार ३३४ किलोंनी कमी झाला.

म्हणून जड माल केबिनला लागून आणि खाली, हलका माल मागे आणि वर. डावी-उजवी बाजू सारखी. मांडवाचे पाइप मागे लटकत असतील तर देगा आणि जनरेटर पुढे घ्या. ईदच्या आधी कुर्बानीचे बकरे आणताना हौद्यात मध्ये आडव्या फळ्या लावा, नाहीतर चढाला सगळे बकरे मागे आणि ब्रेकला सगळे पुढे गोळा होतात. जनावरांनाही त्रास, गाडीलाही. आणि मिरजेच्या उरुसाला किंवा वऱ्हाडाला हौद्यात माणसे उभी करून नेऊ नका. ६० किलोची २० माणसे म्हणजे १२०० किलो, तेही सगळे उंचावर आणि हलणारे. मालगाडी माणसांसाठी नसते.

उपाय कोणते आणि त्यांची मर्यादा काय?

मूळ दुरुस्ती: तुटका पाटा, झिजलेले बुश आणि अडकलेली शॅकल बदलणे. काढलेले यू बोल्ट पुन्हा न वापरता नवे घाला आणि काही दिवस गाडी चालवल्यावर ते परत आवळून घ्या. पाटे बसायला लागले की यू बोल्ट सैल होतात, आणि सेंटर बोल्ट तुटण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

पाट्यांना पुन्हा कमान देणे: स्वस्त पडते, पण पोलादाचा गुण उष्णतेवर अवलंबून असतो. भट्टीत योग्य तापवून, विझवून, पुन्हा पाणी दिले तरच कमान टिकते. नुसत्या गॅसने लाल करून ठोकलेला पाटा लवकर बसतो किंवा तुटतो. पाटे फार जुने असतील तर नवा संच घेणेच बरे.

पाटा वाढवणे: सात पाट्यांच्या संचात तसाच एक आणखी घातला तर ताठपणा साधारण सातव्या हिश्शाने वाढतो. जाडी वाढवली तर गणित एकदम बदलते, कारण ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. ८ मिलिमीटरऐवजी ९ मिलिमीटरचा पाटा घातला तर तो पाटा जवळपास ४२ टक्के जास्त ताठ होतो. "थोडा जाड टाका" या शब्दांची किंमत एवढी आहे. रिकामी गाडी मग दगडासारखी उडते, मागचे चाक खड्ड्यावर रस्ता सोडते आणि आदळ थेट चेसीवर जाते.

मदतीचा पाटा किंवा रबर: वरून लावलेला हेल्पर पाटा किंवा जाड रबर स्प्रिंग भार वाढल्यावरच कामाला लागते. रोज अर्धी गाडी रिकामी धावते त्यांच्यासाठी हा मार्ग जास्त सोयीचा.

हवेच्या पिशव्या: बाहेरच्या देशांत या फार वापरतात. भाराप्रमाणे हवा कमी-जास्त करता येते. पण पिशवी फुटली की गाडी एका बाजूला कलते, आणि नळी व सांधे सतत तपासावे लागतात.

यातला कोणताही बदल केल्यावर ब्रेकबद्दल जरूर विचारा. अनेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलजवळ दांडीला जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. गाडी किती दबली यावरून तो भार ओळखतो आणि मागच्या ब्रेकला त्या मानाने दाब देतो. पाटे वाढवून गाडी उचलली की त्या व्हॉल्व्हला भरलेली गाडी रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. गाडी सपाट दिसते, तोऱ्यात चालते, पण थांबायला जास्त अंतर घेते. गाडी उचलल्यावर मागच्या जॉइंटचा कोन बदलून थरथरही येऊ शकते.

मागे काही ओढत असाल तर

काँक्रीट मिक्सर, कॉम्प्रेसर किंवा जनरेटरची गाडी हुकाला लावून नेतात, तेव्हाही हाच नियम. अमेरिकेत पिकअपने ट्रेलर ओढणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे: ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकावर यावा. ८०० किलोच्या ट्रेलरला ८० ते १२० किलो. याहून जास्त असेल तर पिकअप मागून बसते. फार कमी असेल तर ट्रेलर वेगात शेपटीसारखा हलू लागतो, आणि ते जास्त धोक्याचे. हूक ॲक्सलच्या १.२ मीटर मागे असेल, तर हुकावरचे १०० किलो मागच्या ॲक्सलला १४० किलो भासतात. ओढताना हौद्यातला माल त्या हिशोबाने कमी करा.

पाटा वाढवला म्हणून पासिंग वाढत नाही

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. गाडीची क्षमता पाट्यावर एकट्या ठरत नाही. टायर, रिम, बेअरिंग, ॲक्सल, ब्रेक आणि चेसी हे सगळे मिळून ती ठरते. पाटा वाढवला तरी बाकीचे सगळे होते तेच राहते. फक्त गाडी बसून जो इशारा देत होती, तो बंद होतो.

कायदाही तेच सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचे तपशील कंपनीने ठरवलेल्यापेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये ओव्हरलोडला २० हजार रुपये, शिवाय जादा प्रत्येक टनाला २ हजार रुपये दंड आहे, आणि जादा माल उतरवण्याचा खर्चही आपलाच. अपघात झाला तर विम्याचा दावा याच कारणावरून अडकू शकतो, हप्ता मात्र थांबत नाही.

व्यापारी म्हणतो, "सगळं एकाच खेपेत टाक, नाहीतर दुसरी गाडी बघतो." गाडीवाल्याची ही अडचण आम्हाला कळते, आणि तिला सोपे उत्तर नाही. पण भाडे ठरवताना खेपेवर न ठरवता टनावर ठरवा, काट्याची पावती दाखवा, पासिंगचा आकडा आधीच सांगा. एका गल्लीतल्या चार गाडीवाल्यांनी मिळून हे धरून ठेवले तर व्यापाऱ्यालाही दुसरी गाडी शोधणे सोपे जात नाही. आणि घरच्यांनीही संध्याकाळी "आज किती मिळाले?" याच्या बरोबरीने "आज किती भरले होते?" हे विचारायला हरकत नाही.