इंजिनातले पाणी कुठे जाते?

पनवेलजवळ कळंबोली आहे. तिथे लोखंडाचा मोठा बाजार आहे. पत्र्याच्या गुंडाळ्या, सळया, पाइप भरून ट्रेलर तिथून निघतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गही तिथूनच सुरू होतो. पुण्याला जाणाऱ्या गाडीला खोपोलीच्या पुढे बोरघाट चढावा लागतो. भरलेल्या गाडीची खरी परीक्षा त्या चढावर होते. या भागात डंपर, जेसीबी, पोकलेनही पुष्कळ. (पोकलेन हे मूळ एका फ्रेंच कंपनीचे नाव. आपण मात्र कुठल्याही मोठ्या खोदयंत्राला तेच म्हणतो.) अशी यंत्रे बहुतेक कर्जावर घेतलेली असतात. यंत्र उभे राहिले म्हणून हप्ता थांबत नाही.

यंत्राला बरेच दिवस उभे करणारे एक दुखणे आहे. मिस्त्री सांगतो, "हेड गॅसकेट गेलं." म्हणजे काय झाले, ते आपण पाहू.

इंजिनाच्या खालच्या जड भागाला ब्लॉक म्हणतात. त्यात सिलिंडर असतात. वर हेड बसते. हेड म्हणजे सिलिंडरांचे झाकणच. या दोघांच्या मध्ये भोके पाडलेला एक पातळ पत्रा असतो. तेच हेड गॅसकेट. सिलिंडरात डिझेल पेटते. शेजारच्या वाटेने पाणी खेळते. तिसऱ्या वाटेने तेल जाते. या तिघांची गाठ पडू न देणे, एवढेच त्या पत्र्याचे काम. इंजिन फार तापले की हेड वाकते. दाब सगळीकडे सारखा राहत नाही. मग पत्रा एखाद्या जागी जळतो आणि वाट फुटते.

वाट कुठे फुटली, त्याप्रमाणे लक्षणे दिसतात. पाणी सिलिंडरात शिरले तर सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि इंजिन तापले तरी तो थांबत नाही. पाणी तेलात गेले तर तेल मोजायची पट्टी पाहा. तेल दुधाच्या चहासारखे दिसते. जळलेला वायू पाण्यात शिरला तर रेडिएटरचा रबरी पाइप इंजिन सुरू करताच दगडासारखा कडक होतो. आणि बाहेर कुठे थेंब नसताना रोज पाणी कमी होत असेल, तर ते आतच कुठेतरी जात आहे हे नक्की.

तपासायची एक सोपी रीत आहे. इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचे झाकण काढा. पाणी काठोकाठ भरा. मग इंजिन सुरू करा. पहिले चार बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात. पण बुडबुडे येतच राहिले आणि रेस वाढवल्यावर वाढले, तर वायू शिरतो आहे असे समजा.

गरम इंजिनाचे झाकण मात्र कधीही उघडू नये. कुकरसारखाच तिथे दाब असतो. उकळते पाणी तोंडावर, हातावर येते. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतणेही वाईट. त्याने हेडला तडा जातो.

बुडबुडे दिसले की लगेच हेड खोलायला मात्र निघू नका. एअर ब्रेकच्या गाडीला हवा भरणारा कॉम्प्रेसर असतो. पुष्कळ गाड्यांत त्यालाही इंजिनाचेच पाणी गार करते. त्याचे पॅकिंग गेले तरी रेडिएटरात बुडबुडे येतात. तसेच, मोठ्या इंजिनात तेल थंड करणारा ऑइल कुलर असतो. तो फुटला तरी तेल-पाणी एक होते. लायनरच्या खालच्या रबरी रिंगा खराब झाल्या तरी पाणी तेलात उतरते. ही दुखणी हेड न काढता किंवा थोड्या खर्चात कळू शकतात. म्हणून मिस्त्रीला आधी विचारा, "दादा, कॉम्प्रेसर आणि कुलर पाहिलात का?"

खरेच गॅसकेट गेले असेल तर काम सबुरीने करावे लागते. इंजिन गार होऊ द्यावे. पाणी व तेल काढावे. हेडचे बोल्ट कडेकडून मधल्याकडे, थोडे थोडे सैल करावे. हेड जड असते. ते साखळीने उचलावे. जुने गॅसकेट कोरडे खरवडू नये. जुन्या गॅसकेटमध्ये ॲसबेस्टॉस असे. त्याची धूळ फुप्फुसाला घातक. ओले करून हलक्या हाताने काढावे. काही ठिकाणी ग्राइंडर फिरवतात. ते आम्हाला मुळीच पसंत नाही. पृष्ठभागाला खळगे पडतात, आणि त्याची पूड तेलात जाऊन बेअरिंग खाते.

मग सरळ पट्टी हेडवर आडवी, उभी, तिरपी ठेवून खाली फिलर गेज घालून पाहावे. कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या मापापेक्षा जास्त वाकले असेल तर लेथवाल्याकडे द्यावे. तडाही तिथेच तपासून घ्यावा. लायनर ब्लॉकच्या वर किती आले आहेत, हेही मोजावे. एक लायनर खाली बसला असेल तर नवे गॅसकेटही तिथेच जळेल.

बोल्टची भोके पुसून कोरडी करावी. त्यात तेल-पाणी राहिले तर बोल्ट पुरता बसत नाही. कधी ब्लॉकही फुटतो. बोल्ट आवळताना मधून कडेकडे जावे, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने. "हातालाच अंदाज आहे," असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण हेडला अंदाज चालत नाही. काही इंजिनांत बोल्ट दर वेळी नवेच घालावे लागतात.

आता मुख्य गोष्ट. इंजिन तापले कशाने? रेडिएटरच्या जाळीत खाणीची धूळ बसली आहे का? पंख्याचा पट्टा सैल आहे का? पाण्याचा पंप गळतो का? बोअरच्या पाण्याने आत खार धरला आहे का? थर्मोस्टॅट कोणी काढून फेकला आहे का? तो काढला की गाडी गार राहते, असा समज आहे. पण पुष्कळ इंजिनांत तो नसला की बरेचसे पाणी रेडिएटर चुकवून आतल्या आतच फिरते. हे न पाहता हेड बसवले तर बोरघाटात काटा पुन्हा वर चढेल.

शेवटी नवे तेल, नवा फिल्टर आणि कंपनीने सांगितलेले कूलंट घालावे. अडकलेली हवा काढावी. दुसऱ्या सकाळी गार इंजिनाचे पाणी पाहावे. उतरले असेल तर भरावे. मग रिकाम्या गाडीची एक फेरी मारावी. घाटाचा माल त्यानंतर घ्यावा.